जमैकाचे दीर्घशृंगी भुंगेरे

कोंकणांतील एखादा जुना बागवान आंब्याच्या बुंध्याशीं पडलेला लांकडाचा भुसा पाहतो आणि आंत भिरूड आहे हें तत्काळ ओळखतो. तारेचा आंकडा भोंकांत घालून तो अळी ओढून काढतो. त्या अळीचें पुढें काय झालें असतें, हा प्रश्न त्याला पडत नाहीं. झाड वांचलें म्हणजे त्याचें काम झालें. उलट, शहरांतील संग्रहालयांत कांचेखालीं टांचणीला टोंचलेला, लांबच लांब मिशांचा एक करडा भुंगेरा आपण पाहतों. त्याच्या चिठ्ठीवर लॅटिन नांव असतें. परंतु तो कोणत्या झाडांत वाढला याची नोंद जुन्या चिठ्ठ्यांवर क्वचितच आढळते. बागवानाची अळी आणि संग्रहालयांतील भुंगेरा हीं एकाच प्राण्याचीं दोन रूपें होत. ज्याला एक ठाऊक, त्याला दुसरें ठाऊक नाहीं. ही ताटातूट कशी झाली, याची एक जुनी हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ती घडली कॅरिबियन समुद्रांतील जमैका बेटावर.

मिशांच्या लांबीवरून या कुळास दीर्घशृंगी म्हणावें. जगांत त्याच्या ३५,००० हून अधिक जातींचें वर्णन झालेलें आहे. मादी सालीच्या फटींत अंडीं घालते. अळी महिनेच्या महिने, कधींकधीं वर्षानुवर्षें, लांकूड पोखरीत राहते. तेथेंच ती कोषावस्थेंत जाते आणि शेवटीं भुंगेरा बाहेर पडून थोडके दिवस जगतो. त्यांतही पुष्कळ जाती रात्रींच संचार करतात. म्हणून जो लांकूड फोडतो त्याला अळी भेटते, आणि जो रात्रीं दिव्यापाशीं बसतो त्याला भुंगेरा भेटतो. या दोघांची गांठ पडेलच असें नाहीं.

१६५५ सालीं इंग्रजांनीं जमैका स्पेनपासून जिंकून घेतलें. पुढें तेथील उंसाच्या मळ्यांवर राबविण्यासाठीं आफ्रिकेंतून हजारों माणसें गुलाम करून आणण्यांत आलीं. अशा वेळीं, १६८७ सालीं, नव्या गव्हर्नरचा वैद्य म्हणून हॅन्स स्लोन हा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर बेटावर उतरला. गव्हर्नर वर्षभरांतच वारला, आणि १६८९ सालीं स्लोन सुमारें ८०० वनस्पतींचे नमुने घेऊन मायदेशीं परतला. जमैकाविषयींचा त्याचा ग्रंथ १७०७ व १७२५ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आपल्याकडे जिला पांढरी सांवर म्हणतात, त्या झाडांतील अळ्यांची एक नोंद त्यानें केली आहे. मूळचे रहिवासी आणि आफ्रिकी गुलाम या अळ्या शोधून काढीत, रश्शांत शिजवीत आणि त्यांची चव हाडांतील मगजाहूनही सरस मानीत, असें तो सांगतो.

ऐकून कित्येकांस किळस वाटेल. परंतु कोणत्या खोडांत अळी आहे, हें ओळखल्यावांचून तें भोजन मिळत नाहीं. स्लोननें टिपलें तें जेवण. त्यामागें झाडाची, कुजक्या लांकडाची जी पारख होती ती कोणाकोणाची, हें नांवानिशीं शिल्लक राहिलें नाहीं. शिवाय केवळ अळीच्या त्या वर्णनावरून तिची जात निश्चित करतां येत नाहीं. स्लोनचा संग्रह वाढत गेला. त्याच्या पत्नीकडून आलेल्या जमैकांतील मळ्यांच्या उत्पन्नाचा त्याच्या वैभवास हातभार होता. आणि १७५३ सालीं त्याच्या मृत्यूनंतर त्याच संग्रहांतून ब्रिटिश म्यूझियम उभें राहिलें. एवढ्या मोठ्या वास्तूच्या पायांत कोणाचे श्रम आहेत, हें विसरतां कामा नये.

आतां दुसरें टोंक पाहूं. लंडनमध्यें ड्रू ड्रुरी नांवाचा एक सोनार होता. दूरदेशीं जाणाऱ्या खलाशांना व वैद्यांना कीटक कसे पकडावे याच्या छापील सूचना देऊन तो एकेका कीटकामागें सहा पेन्स मोजी. त्याचा सचित्र ग्रंथ १७७० ते १७८२ या काळांत तीन भागांत निघाला. अशा रीतीनें युरोपांत भुंगेरे पोंचले. पण खलाशानें विकलेल्या भुंगेऱ्याबरोबर त्याचें झाड येत नसे, आणि पुष्कळदां बेटाचें नांवही येत नसे. १७७१ सालीं लिनीयसनें यांपैकीं एका जातीस 'डॅमिकॉर्निस' हें नांव दिलें. नराचे पुढें आलेले जबडे हरिणाच्या शिंगांसारखे दिसतात, म्हणून हें नांव. आज त्यास स्टेनोडॉण्टिस डॅमिकॉर्निस म्हणतात. पुढें कर्बी आणि स्पेन्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञांनीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत लिहिलें, कीं याच भुंगेऱ्याची अळी जमैकांत 'मकॉको' या नांवानें ओळखली जाते व बड्या लोकांच्या मेजावरही तिला मान असतो. लॅटिन नांव आणि लोकांचें नांव शेवटीं एका ओळींत आलीं!

तथापि जात ओळखण्याचें काम एवढ्यानें संपत नाहीं. या गणांत मोठ्या नराचे जबडे प्रचंड, तर लहान नराचे अगदींच बेताचे. मादी आणखी निराळी. एकाच जातीचीं तीन माणसांनीं तीन नांवें ठेवावीं, असा हा प्रकार. उलट शेजारशेजारच्या बेटांवरील दोन जाती वरवर पाहतां सारख्या. म्हणून मिशांचे सांधे, मानेलगतच्या ढालीवरचे कांटे, डोळ्यांची खांच हीं सर्व तपासावीं लागतात, आणि नमुना नेमका कोणत्या बेटावरचा हें आधीं कळावें लागतें. ब्रिटिश म्यूझियममधील चार्ल्स गेहन यानें १८९० सालीं क्यूबाकडील जातीस 'शेव्रोलाती' असें वेगळें नांव दिलें. क्यूबाच्या दीर्घशृंगी भुंगेऱ्यांवर १८६२ सालीं लिहिणाऱ्या शेव्रोला या फ्रेंच पंडिताचा तो गौरव होता. १८९५ सालीं गेहननें वेस्ट इंडीजमधील या कुळावर निबंध लिहिला. याच गृहस्थानें पुढें १९०६ सालीं हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेंत आपल्याकडील दीर्घशृंगी भुंगेऱ्यांचा खंड सिद्ध केला. जमैकाची अळी आणि कोंकणची भिरूड अशा एकाच अभ्यासकाच्या मेजावर एकत्र आलीं.

या इतिहासांत एक उजळ पानही आहे. १८३८ सालीं जमैकांतील गुलामगिरी संपली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १८४४ मध्यें, फिलिप गॉस हा निसर्गशास्त्रज्ञ तेथें गेला व दीड वर्ष राहिला. कीटक, पक्षी, शिंपले, सर्वच त्यानें गोळा केलें. परंतु १८४७ च्या पक्षिग्रंथावर त्यानें आपल्या नांवाबरोबर रिचर्ड हिल या जमैकन विद्वानाचें नांव छापलें, आणि सॅम्युअल कॅम्बेल या आपल्या कृष्णवर्णी तरुण साहाय्यकाचे गुणही मोकळ्या मनानें वर्णिले. स्लोनच्या काळीं जें राहून गेलें, तें करणें अशक्य नव्हतें, हें यावरून दिसतें.

अळीला मात्र शास्त्रांत जागा मिळण्यास फार अवकाश लागला. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील लांकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवरील डफीचा ग्रंथ ब्रिटिश म्यूझियमनें काढला तो १९६० सालीं. आजचे अभ्यासक वाळक्या फांद्या झाडाच्या नांवासह बंद पेटींत ठेवतात आणि महिनेच्या महिने वाट पाहतात. भुंगेरा बाहेर आला, कीं अळी, झाड आणि नांव यांचा मेळ बसतो. जमैकाचा गुलाम जो धागा हातीं धरून होता, तोच धागा शास्त्र असें पुन्हा उचलतें.

हा मेळ बसण्यापूर्वींच झाड तुटलें, तर पेटींतला भुंगेरा कायमचा अर्धाच राहतो. बेटावरचें रान मोजकें. तेथें ही भीति अधिक. म्हणून संग्रहालयांतील चिठ्ठीवर केवळ लॅटिन नांव पुरें नाहीं. कोणत्या झाडांतून भुंगेरा आला, तें लिहावें. आणि तें झाड ज्यानें दाखविलें, त्याचेंही नांव लिहावें.