आकडे नसलेला आलेख

१/ सोव्हिएत संघात पगारांतील तफावत दाखवणारे आलेख छापले गेले, पण त्यांच्या अक्षांवर आकडेच नव्हते. वक्ररेषा दिसे, किती रुबल मिळवणारे किती कामगार, हे मात्र कळत नसे. समतेचा दावा करणाऱ्या राज्यात विषमता मोजायची कशी?

२/ मुळात सर्वांना समान पगार हे तिथले अधिकृत धोरण नव्हते. जून १९३१ मध्ये स्टालिनने वेतनातील सरसकट बरोबरीवर जाहीर टीका केली. कुशल कामगाराला अधिक मोबदला मिळालाच पाहिजे, ही भूमिका त्यानंतर पक्की झाली. पक्षसदस्यांच्या पगारावरील कमाल मर्यादाही १९३२ मध्ये उठली.

३/ तफावत मोजण्याचे एक साधन म्हणजे दशमक गुणोत्तर. शंभर कामगार पगाराच्या क्रमाने उभे करा. वरून दहाव्याचा पगार खालून दहाव्याच्या किती पट, ते पाहा. सोव्हिएत संशोधक राबकिना आणि रिमाशेव्स्काया यांच्या आकड्यांनुसार १९४६ साली हे गुणोत्तर ७ हून अधिक होते. १९६८ साली ते ३ च्याही खाली आले. किमान वेतन त्या वर्षी ६० रुबल झाले होते. ही घट खरी होती.

४/ पण मोजले कोणाला? वेतनाच्या गणतीत सामूहिक शेतीवरचे शेतकरी नव्हते. १९६६ पर्यंत त्यांना हमीचे वेतनच नव्हते. 'श्रमदिनां'च्या हिशोबाने पिकातला वाटा मिळे. कौटुंबिक जमाखर्चाच्या पाहणीसाठी कुटुंबे कामाच्या ठिकाणांवरून निवडली जात. साहजिकच एकटे राहणारे निवृत्त वृद्ध तिच्यात कमी दिसत.

५/ आणि मोजले काय? रुबल. पण रुबल खिशात असला म्हणून मांस मिळेलच असे नव्हते. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी बंद दुकाने, वेगळी रुग्णालये, सरकारी दाचा आणि मोटारी होत्या. पगारपत्रकात यांतले काहीच उमटत नसे. उलट सामान्य कामगाराचे नाममात्र घरभाडे आणि मोफत शिक्षणही त्या आकड्याबाहेरच राहिले. चूक दोन्ही बाजूंना होती.

६/ पीटर वाइल्स, अॅलिस्टर मॅकॉली, अब्राम बर्गसन अशा पाश्चात्त्य अभ्यासकांनी या त्रोटक सामग्रीतून चित्र जुळवले. रोख पगारातील विषमता अनेक भांडवलशाही देशांपेक्षा कमी होती, असे त्यातून दिसते. मात्र सवलतींची किंमत रुबलमध्ये मांडणे कोणालाच नीट साधले नाही.

७/ बाजारात वस्तू पैशाने मिळते, म्हणून उत्पन्न मोजले की बरेचसे कळते. जिथे ती पद, ओळख आणि राहण्याचे शहर यांवर अवलंबून असते, तिथे पगाराचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. १९९१ नंतर रशियात उत्पन्नाची विषमता झपाट्याने वाढली, हे निर्विवाद. पण 'आधी सगळे समान होते' हे त्या जुन्या आलेखावरून सिद्ध होत नाही.