दहा तोळे जव

पुण्याचे नाव धारण करणारी हिंदी फौजेची सहावी डिव्हिजन, बगदाद हस्तगत करण्याच्या आकांक्षेने तिग्रिस नदीच्या काठाकाठाने वर चढत जाऊन, टेसिफनच्या पुरातन कमानीपाशी १९१५ च्या नोव्हेंबरात चार हजारांवर माणसे ठार वा जायबंदी होऊन माघारी फिरली आणि ३ डिसेंबर रोजी कूत-अल-अमारा या गावी येऊन थबकली, तेव्हा तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. चारच दिवसांत तुर्कांनी गावाभोवती फास आवळला. तो सुटला १४७ दिवसांनी, आणि तोही शरणागतीने.

वेढा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पन्हाळा किंवा जिंजी उभी राहते: कडा, बुरूज, पाण्याची टाकी, आणि फितुरी झाली नाही तर वर्षानुवर्षे तग धरणारी शिबंदी. कूतला यांपैकी काही नव्हते. नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेली सपाट मातीची एक जीभ, तिच्यावर मातीचीच घरे, सुमारे सहा हजार अरब रहिवासी, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात एक मातीचा किल्ला. तोफांनी खिंडार पाडलेल्या त्या किल्ल्यात २४ डिसेंबरला तुर्क घुसले आणि हातघाईच्या लढाईत मागे रेटले गेले. १०३ वी पलटण तेथेच होती. त्यानंतर मात्र शत्रूने एल्गाराचा नाद सोडला आणि सारी भिस्त भुकेवर ठेवली.

सेनापती टाउनशेंड याने प्रारंभी रसद दोनएक महिन्यांची असल्याचे वर कळविले होते. जानेवारीच्या अखेरीस, घरोघर झडती घेऊन दडविलेले धान्य हाती लागल्यावर, हिशेब आणखी ८४ दिवसांवर गेला. दरम्यान, आत लोक उपाशी मरतील या धास्तीने, बसऱ्याकडून निघालेली कुमक पुरेशा तयारीवाचून, गुडघाभर चिखलातून, एकामागून एक तुर्की खंदकांवर जाऊन आदळत होती. त्या कुमकेची हानी अखेरीस २३,००० च्या घरात गेली. ज्यांना सोडवायचे त्यांची संख्या याहून पुष्कळ कमी होती. कोठीच्या हिशेबातली चूक इतकी महाग क्वचितच पडली असेल.

धान्य सापडले तरी दळायचे कशावर, हा प्रश्न होताच. तेव्हा जात्याचे दगड मागविण्यात आले आणि ते विमानांतून खाली टाकण्यात आले. ज्या जात्यापाशी आपल्या आयाबहिणींना पहाटे ओवी म्हणताना ऐकले, त्याचा दगड आकाशातून पडताना पाहून एखाद्या शिपायाला काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. दगड पडले, आणि जवाचे पीठ निघू लागले, एवढे खरे. पुढे एप्रिलात विमानांनी धान्याच्या गोण्याही टाकल्या. त्यांतल्या काही नदीत आणि काही तुर्कांच्या खंदकांत पडल्या. तोवर शिधा चार औंसांवर आला होता. आपल्या मापात ते दहा तोळे, म्हणजे अधपाव.

मांस होते, पण ते घोड्याचे. गोरे सोजीर ते खात; हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, महिनोन्‌महिने त्याला हात लावला नाही. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून, आपत्काली घोडा भक्षण केल्यास दोष नाही, अशी अनुज्ञा तारेने आणविली, तरी मने वळेनात. कारण भय धर्मशास्त्राचे नव्हतेच, गावाचे होते. घरी परतल्यावर भावकी पंक्तीला घेईल काय, लेकीबाळींची लग्ने जुळतील काय, याचे उत्तर कोणत्याही तारेत नव्हते. पुष्कळ इंग्रज लेखकांनी या नकाराला अडाणी हट्ट ठरवून शरणागतीचा काही दोष त्याच्या माथी मारला आहे. मला ते पटत नाही. हिरड्या सुजून त्यांतून रक्त वाहत असता, पाय जड झाले असता, रात्रीच्या गारठ्यात पहाऱ्याला उभे राहायचे आणि शेजारच्या पातेल्यातून येणारा वास सोसून दहा तोळ्यांवर उरलेल्या भाकरीचा तुकडा आणि नदीकाठचा रानपाला चघळायचा, याला जी शक्ती लागते तिला खंदकात धैर्य म्हणायचे आणि चुलीपाशी हट्ट, हा न्याय कोठला? एप्रिलच्या मध्यास सेनापतीचे कडक हुकूम सुटले तेव्हा हजारोंनी अखेर घोडा खाल्ला. तोवर देहात सावरण्याजोगे फारसे उरले नव्हते.

२४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन तुर्कांच्या माऱ्यातून वर निघाली आणि कूतच्या अलीकडेच रुतून शत्रूच्या हाती पडली. लाखो पौंडांच्या मोबदल्यात वेढलेल्यांना सोडण्याचा सौदा तुर्की सेनापती खलील पाशाने धुडकावला. २९ एप्रिल १९१६ रोजी तोफा फोडून, दारूगोळा नष्ट करून, सुमारे १३,००० माणसे कैद झाली. तुर्कांनी प्रथम वाटली ती दगडासारखी टणक काळी बिस्किटे. उपाशी पोटांनी ती पाण्यात भिजवून अधाशीपणे खाल्ली, आणि वेढ्यातून वाचलेले कित्येकजण त्या पहिल्या पोटभर जेवणानेच दगावले.

टाउनशेंडला तुर्की राजधानीजवळच्या बेटावर इतमामाने ठेवले, आणि त्याच्या लाडक्या कुत्र्याला नदीमार्गे बसऱ्यास पोहोचते करण्याची परवानगी मिळाली. अंमलदारांना शिपायांपासून तोडले. शिपाई उन्हाळ्याच्या झळांतून, चाबकाखाली, बगदाद, तिक्रित, मोसुल असे चालत गेले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक परतले नाहीत, आणि हिंदी मृतांची मोजणीही हजारांतच करावी लागली. जे पोहोचले त्यांतल्या पुष्कळांना रास-अल-ऐनच्या तळावर फावडी देण्यात आली, आणि ज्या बगदादवर चाल करून निघाले होते त्याच बगदादकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेसाठी ते माती वाहू लागले.