बायकांच्या आठवणींची कुळकथा

मराठी स्त्रीनं आपला संसार शब्दांत मांडण्याची रीत तशी जुनी. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकातच नवऱ्याचा राग, त्याचा मार आणि तुकोबांची ओढ अभंगांतून सांगितली. गद्यात ही वाट ठळक झाली ती १९१० साली, रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकानं.

निमित्त पतीचं होतं. समाजसुधारक न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये वारले. त्यांच्यासारख्या पुरुषाच्या आठवणी पत्नीनं लिहिल्या, तर त्याला कोण नाव ठेवणार? प्रस्तावनाही गोपाळ कृष्ण गोखल्यांची. या आडोशानं रमाबाईंनी अख्खं घर पुस्तकात आणलं. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, रानडे एकतीस वर्षांचे. नवऱ्याचा आग्रह शिकण्याचा. घरातल्या बायकांना ते शिकणं खपेना. दोन्ही बाजूंचं मन राखत, टोमणे गिळत ही सून लिहाय-वाचायला शिकली. पुण्यातलं १८९० चं पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधलं, रानड्यांसह सुधारकांचं चहापान इतिहासात सुधारक आणि सनातनी यांचा वाद म्हणून येतं. पण त्यातून आलेल्या ग्रामण्याची, म्हणजे जातीच्या बहिष्काराची, झळ बसे ती घराला: कार्याला भटजी मिळत नसे, लेकी-सुनांचं माहेर तुटे. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, ती हकीकत रमाबाई पत्नीच्या जागेवरून सांगतात.

पुढच्या लेखिकांना हा आडोसा हळूहळू लागेनासा झाला. पार्वतीबाई आठवले यांनी १९२८ मध्ये ‘माझी कहाणी’ लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी आली. मीठसुद्धा धुवायला लावणारं वडिलांचं सोवळं, पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मोडलेला संसार आणि पुन्हा जुळलेला मेळ, सगळं त्यांनी मोकळेपणानं, हसतखेळत सांगितलं. आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझे पुराण’मध्ये (१९४४) तर विधवांच्या आश्रमासाठी झिजणाऱ्या नवऱ्याबरोबर घरखर्चाची तोंडमिळवणी करणारी बाई थेट बोलते.

सुधारणेचे ठराव सभांमध्ये झाले. त्यांची किंमत माजघरात मोजली गेली. तो हिशोब या बायकांनीच लिहून ठेवला. म्हणून ही पुस्तकं थोर पुरुषांच्या चरित्रांची पुरवणी नव्हेत. एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र समजून घ्यायचा, तर वाचन त्यांच्यापासूनच सुरू करायला हवं.