दुर्बिणीचं ऑपरेशन: डॉक्टरची 'फेलोशिप' म्हणजे काय आणि घरच्यांनी काय विचारावं?

"पिशवीला गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा, "लेडी डॉक्टर आहे का?" देऊळघाटहून आपल्या आया-बहिणींना आधी बुलढाण्याला दाखवलं जातं. मोठं काम निघालं तर अकोला किंवा औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) गाठावं लागतं. तिथे दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे 'फेलोशिप इन मिनिमल अ‍ॅक्सेस सर्जरी' किंवा 'गायनॅक एंडोस्कोपी' असं लिहिलेलं असतं. हे डॉक्टर दुर्बिणीचं ऑपरेशन कुठे आणि किती दिवस शिकले, हा तिसरा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारायचाच राहून जातो.

ऑपरेशन कसं होतं?

जुन्या पद्धतीत पोटावर मोठा छेद घेतात. दुर्बिणीच्या पद्धतीत, म्हणजे लॅप्रोस्कोपीत, बेंबीजवळ एक छोटं छिद्र पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि कॅमेरा आत सोडतात. साधारण 5 ते 12 मिलिमीटरच्या आणखी दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारं घालतात. डॉक्टर टीव्हीसारख्या पडद्यावर बघून काम करतात. हिस्टेरोस्कोपीत तर पोटाला छेदच नसतो. कॅमेरा खालच्या वाटेने थेट गर्भपिशवीत जातो.

फायदा सरळ आहे. दुखणं कमी, रक्त कमी जातं, जखम पिकण्याची भीती कमी आणि बाई लवकर घरी येते. घरकाम आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईसाठी ही मोठी गोष्ट आहे. तरी हे छोटं ऑपरेशन नव्हे. छिद्रं लहान असली तरी आतलं काम तेवढंच मोठं असतं.

ही पद्धत आली कुठून?

ही वाट रुंद करण्यात स्त्रीरोगतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. जर्मनीतल्या कील शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी 1980 मध्ये दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जन मंडळींनी त्यांच्यावर जोरदार टीका केली. 1988 मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीने गर्भपिशवी काढली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढलं आणि भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घातला. पुण्यात गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या टीमने मे 2017 मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. त्यात दात्या आईचं गर्भाशय दुर्बिणीनेच काढलं होतं.

फेलोशिपमध्ये काय शिकवतात?

एम.एस. किंवा डी.एन.बी. करताना डॉक्टर बाळंतपण, सिझेरियन आणि पोट उघडून करायची ऑपरेशनं शिकतात. दुर्बिणीचा हात मात्र सगळ्यांचाच तयार होतो असं नाही. हाताला थेट स्पर्श नसतो, पडद्यावर खोली नीट कळत नाही आणि हत्याराची हालचाल उलटी होते. म्हणून आधी डब्यासारख्या सिम्युलेटरवर टाके आणि गाठी मारण्याचा सराव करतात. मग उस्तादाच्या ऑपरेशनमध्ये कॅमेरा धरायचा, नंतर थोडं काम स्वतः करायचं आणि शेवटी देखरेखीखाली पूर्ण ऑपरेशन करायचं. केलेल्या प्रत्येक केसची नोंद लॉगबुकात होते.

सगळ्यात मोठा धडा धोक्याचा असतो. किडनीकडून मूत्राशयाकडे जाणारी नळी गर्भपिशवीच्या मुख्य रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते. ती कापली गेली किंवा चटका लागला आणि वेळेवर लक्षात आलं नाही, तर बाईचे हाल होतात. ती नळी कशी ओळखायची, कशी वाचवायची आणि अवघड झालं तर जिद्द सोडून पोट कधी उघडायचं, हे शिकायला वेळ लागतो. अमेरिकेत यासाठी वेगळी दोन वर्षांची फेलोशिप असते. आपल्याकडे विद्यापीठांच्या आणि मोठ्या रुग्णालयांच्या फेलोशिप आहेत, तसेच थोड्या दिवसांचे कोर्सही आहेत. भिंतीवरची दोन्ही सर्टिफिकेटं सारखीच दिसतात, म्हणून मुदत विचारावी.

दुर्बीण नेहमीच चांगली का?

नाही. 2018 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा मोठा अभ्यास आला. साडेचार वर्षांनंतर कॅन्सर परतला नाही अशा महिलांचं प्रमाण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये 96.5 टक्के होतं, तर दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या ऑपरेशनमध्ये 86 टक्के. म्हणजे कोणत्या आजाराला कोणती पद्धत, हे ठरवणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

त्याहून आधीचा प्रश्न, ऑपरेशन हवंच का? बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीने ऊसतोड महिलांची पाहणी केली. 80 हजारांहून जास्त महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने विनाकारण पिशवी काढण्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या आणि 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. पांढरं जाणं, अंगावरून जास्त जाणं किंवा लहान गाठ यांवर पुष्कळदा गोळ्या, हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं किंवा फक्त गाठ काढणं हे उपाय असतात. चांगल्या शिकलेल्या डॉक्टरची खूण हीच, की तो पिशवी वाचवण्याचाही विचार करतो.

डॉक्टरांना हे विचारा

1. औषधाने भागेल का? फक्त गाठ काढता येईल का?
2. माझ्या आजारात दुर्बीण बरी की छेद? कारण काय?
3. आपण हे कुठे शिकलात, किती महिने? असे किती केसेस स्वतः केलेत?
4. अडचण आली तर पोट उघडण्याची, रक्ताची आणि आयसीयूची सोय आहे का?
5. बीजांडं ठेवणार की काढणार?

असं विचारण्यात बेअदबी नाही. वय 40 च्या आत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्याच. शासकीय योजनेत ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आपल्या मुलींसाठी रस्ता

लेडी डॉक्टर हवी असेल तर कुणाच्या तरी घरातली मुलगी तिथपर्यंत पोहोचली पाहिजे. नीट परीक्षा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एम.बी.बी.एस., मग नीट-पीजी, तीन वर्षांचं एम.एस. आणि पुढे एक-दोन वर्षांची फेलोशिप, असा साधारण दहा वर्षांचा हा प्रवास आहे. बुलढाण्यात 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, म्हणजे पहिली पायरी आता आपल्याच जिल्ह्यात आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करावी.

दहा वर्षं लांब वाटतात आणि मध्येच "आता लग्नाचं बघा" हा आग्रह सुरू होतो. त्या वेळी घरच्यांनी एवढंच आठवावं, की अम्मीच्या ऑपरेशनच्या वेळी आपण कोणत्या डॉक्टरच्या शोधात होतो.