बॉबी ऑर : आईस हॉकीतला बचाव बदलून टाकणारा खेळाडू निवृत्त झाला तेव्हा कर्जात कसा होता?

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हिरवं मैदान आणि ध्यानचंद येतात. कॅनडात मात्र नुसतं 'हॉकी' म्हटलं की ती बर्फावरचीच. तिथे या खेळातला सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू कोण यावर आजही वाद रंगतात आणि त्या वादात दोन-तीन नावं हमखास येतात. वेन ग्रेट्झकी आणि गॉर्डी हाउ हे दोघं आक्रमक, म्हणजे गोल करणं हेच त्यांचं काम. तिसरा बॉबी ऑर. तो बचावपटू होता, म्हणजे त्याचं काम गोल वाचवायचं. त्याची खरी कारकीर्द जेमतेम नऊ मोसमांची आणि तीही डाव्या गुडघ्यावर डझनभराहून अधिक शस्त्रक्रिया झेलत झालेली. तरीही त्याचं नाव या यादीत कसं, हे कळायला आधी हा खेळ थोडा समजून घ्यावा लागेल.

आईस हॉकीत बर्फावर एका वेळी एका संघाचे सहा जण असतात. एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आक्रमक. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. खेळ इतका वेगवान की खेळाडू पाऊण-एक मिनिटात दमतात आणि खेळ चालू असतानाच बदलले जातात. गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्याआधी पास देणाऱ्यालाही एक गुण मिळतो, त्याला असिस्ट म्हणतात. या गुणांची बेरीज म्हणजे खेळाडूची मोसमातली कमाई.

१९६० च्या दशकापर्यंत बचावपटूचं काम ठरलेलं होतं. आपल्या गोलपाशी थांबायचं, समोरून येणाऱ्याला अंगावर घ्यायचं, पक हिसकावून पुढच्या गड्याकडे सोपवायचा. पुढे धावलात आणि पक गमावलात तर मागे मोकळं रान, म्हणून प्रशिक्षक बचावपटूला पुढे जाऊ देत नसत. एडी शोअर, रेड केली, डग हार्वी यांनी आधीच्या काळात ही चौकट थोडीफार वाकवली होती. ऑरने ती मोडलीच.

चौदाव्या वर्षी सही

रॉबर्ट गॉर्डन ऑर याचा जन्म २० मार्च १९४८ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात पॅरी साउंड या छोट्या गावातला. वडील डग स्फोटकांच्या कारखान्यात कामाला होते. हिवाळ्यात गावची सेगिन नदी गोठली की तीच पोरांची रिंक व्हायची. एकच पक आणि वीस-पंचवीस पोरं असा तो खेळ. ज्याला पक स्वतःकडे ठेवता येईल त्यालाच खेळायला मिळायचं, त्यामुळे लहानग्या बॉबीचं स्टिकवरचं नियंत्रण तिथेच घडलं.

१९६१ मध्ये बोस्टन ब्रुइन्स या अमेरिकी संघाचे लोक गॅनानोक्वे इथे एका मुलांच्या सामन्याला आले होते. आले होते दुसऱ्याच दोन मुलांना पाहायला, पण नजर खिळली ती या अंगाने किरकोळ पोरावर. पुढच्याच वर्षी, चौदाव्या वर्षी, त्याच्याकडून करार करून घेतला गेला. मोबदला काय, तर थोडी रोख रक्कम, एक गाडी आणि घराला गिलावा करून देण्याचं आश्वासन.

हा करार 'सी फॉर्म' म्हणून ओळखला जायचा. त्यावर सही केली की खेळाडू त्या संघाचा झाला. संघाने सोडलं नाही तर दुसरीकडे जायची सोय नाही, आणि पगार किती ते संघाने सांगायचं. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा सहाच संघ होते. १९५७ मध्ये टेड लिंडसे आणि डग हार्वी यांनी खेळाडूंची संघटना काढायचा प्रयत्न केला, तर लिंडसेला दुसऱ्या संघात पाठवून दिलं गेलं आणि ती चळवळ दडपली गेली. ऑरच्या पुढच्या आयुष्यात जे घडलं त्याची मुळं या परिस्थितीत आहेत.

चौदा वर्षांचा ऑर ज्युनियर लीगमध्ये ओशावा जनरल्सकडून खेळू लागला तेव्हा समोरचे काही खेळाडू एकोणीस-वीस वर्षांचे होते. पहिल्या वर्षी तो घरीच राहून शाळा करायचा आणि फक्त सामन्यांसाठी गाडीने जायचा, संघाबरोबर सराव नाहीच.

एनएचएलमध्ये जायची वेळ आली तेव्हा ब्रुइन्सने देऊ केलेली रक्कम वडिलांना तुटपुंजी वाटली. त्यांनी टोरोन्टोच्या एका तरुण वकिलाला मदतीला घेतलं, त्याचं नाव ॲलन ईगलसन. खेळाडूने वकील घेऊन बोलणी करायला यावं हे तेव्हाच्या व्यवस्थापकांना आगाऊपणाचं वाटायचं. पण ब्रुइन्सला हा मुलगा हवाच होता. १९६६ मध्ये व्यवस्थापक हॅप एम्स यांच्या बोटीवर करार झाला आणि नवख्या खेळाडूला तोवर कधी मिळाली नव्हती अशी रक्कम ऑरला मिळाली. अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा वकील यांनी मालकांना नमवलं ही बातमी इतर खेळाडूंपर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि तिचा प्रमुख झाला ईगलसन.

शेवटून पहिल्या क्रमांकापर्यंत

ऑरला ओशावातला दोन नंबर हवा होता, पण तो ब्रुइन्सने एडी शोअरच्या सन्मानार्थ कायमचा बाजूला ठेवलेला होता. म्हणून चार नंबर मिळाला. पहिल्या मोसमात ब्रुइन्स सहापैकी सहावे आले, ऑर मात्र सर्वोत्तम नवखा ठरला. त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी न्यूयॉर्क रेंजर्सच्या हॅरी हॉवेलला मिळाली. हॉवेलने तेव्हाच बोलून दाखवलं होतं की बरं झालं यंदा मिळाली, यापुढे ती ऑरचीच असणार. १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षं ती ऑरकडेच गेली!

तो नेमकं काय वेगळं करायचा? आपल्या गोलच्या मागून पक उचलायचा आणि स्वतःच घेऊन निघायचा. वाटेत कुणी आडवा आला तर वेग बदलून त्याला चकवायचा, पास द्यायचा, परत घ्यायचा आणि थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलवर धडकायचा. धोका होता तो पक गमावला तर मागे परतण्याचा, पण त्याच्या स्केटिंगचा वेग असा की बहुतेक वेळा तोच आधी परत पोचलेला असायचा. एखादा सहकारी शिक्षा म्हणून बाहेर बसला असेल आणि संघ एकाने कमी असेल, तर ऑर पक स्वतःकडे ठेवून रिंकभर चकरा मारत वेळ काढायचा आणि प्रतिस्पर्धी नुसते मागे धावायचे. अंगाने तो काही साधाभोळा नव्हता, मारामारीलाही मागे नसायचा. कारकिर्दीत तब्बल ९५३ मिनिटं तो शिक्षेच्या बाकावर होता.

१९६९-७० चा मोसम हा कळस. ३३ गोल आणि ८७ असिस्ट मिळून १२० गुण. बचावपटूने संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्या एका मोसमात त्याने सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस, सर्वात मौल्यवान खेळाडूची हार्ट, बचावपटूची नॉरिस आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ अशा चारही ट्रॉफ्या घेतल्या. असं दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही.

१० मे १९७०, रविवार, बोस्टन गार्डन. स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत ब्रुइन्सने सेंट लुईस ब्लूजला तीन सामन्यांत हरवलेलं. चौथा सामना ३-३ असा बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. अवघ्या चाळीस सेकंदांत डेरेक सँडरसनने गोलच्या मागून पास दिला आणि ऑरने तो गोलरक्षक ग्लेन हॉलच्या पायांमधून आत ढकलला. त्याच क्षणी बचावपटू नोएल पिकार्डने त्याच्या पायात स्टिक घातली आणि ऑर हवेत उडाला. दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं, शरीर बर्फाला समांतर. छायाचित्रकार रे लुसिए याने तो क्षण टिपला. या खेळातलं सर्वात गाजलेलं छायाचित्र ते हेच. बोस्टनला २९ वर्षांनी कप मिळाला होता. पुढे बरोबर चाळीस वर्षांनी, १० मे २०१० ला, याच मुद्रेतला ऑरचा पुतळा बोस्टनच्या नव्या स्टेडियमबाहेर उभारला गेला.

त्यानंतरच्या मोसमात ऑरने १३९ गुण मिळवले. त्याहून थक्क करणारा आकडा आहे अधिक १२४. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल असा हा हिशेब असतो. त्यात समोरचा संघ शिक्षेमुळे कमी गड्यांनिशी खेळत असताना केलेले सोपे गोल धरत नाहीत. म्हणजे ऑर बर्फावर असला की संघ १२४ गोलांनी पुढे. आक्रमक खेळणारा बचावपटू मागे भगदाड पाडतो, या जुन्या समजाला याहून चोख उत्तर नसेल. १९७१ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी दहा लाख डॉलरचा करार मिळाला, एनएचएलमधला हा पहिला. १९७२ मध्ये ब्रुइन्सने पुन्हा कप जिंकला आणि निर्णायक सामन्यातला विजयी गोलही ऑरचाच.

डावा गुडघा

हे सगळं चालू असताना गुडघा मात्र झिजत होता. पहिली दुखापत पहिल्याच मोसमातली, पहिली शस्त्रक्रिया १९६७ मधली. आज दुर्बिणीतून छोट्या छिद्रावाटे होणारी शस्त्रक्रिया तेव्हा रुळलेली नव्हती. गुडघा उघडायचा, फाटलेली गादी काढून टाकायची. दर वेळी थोडी कूर्चा कमी व्हायची आणि हाडावर हाड घासायचं. त्यात ऑरचा खेळच असा की अंगावर येणाऱ्यांना तो टाळत नसे. १९७२ ची कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ ही ऐतिहासिक मालिका त्याला गुडघ्यामुळेच खेळता आली नाही. तरी १९७४-७५ मध्ये ४६ गोल आणि १३५ गुण घेऊन त्याने दुसऱ्यांदा आर्ट रॉस जिंकली. तो त्याचा शेवटचा पूर्ण मोसम. पुढच्या मोसमात तो फक्त दहा सामने खेळू शकला.

१९७६ मध्ये करार संपला. ऑरला बोस्टन सोडायचं नव्हतं, पण ईगलसनने त्याला सांगितलं की ब्रुइन्सना तू नको आहेस, आणि तो शिकागो ब्लॅकहॉक्सकडे गेला. प्रत्यक्षात ब्रुइन्सच्या प्रस्तावात संघाची सुमारे अठरा टक्के मालकी ऑरला देण्याची तयारी होती. ही गोष्ट ईगलसनने आपल्याला कधी सांगितलीच नाही, असं ऑरचं म्हणणं. आपण सांगितलं होतं, असा ईगलसनचा दावा. वर्तमानपत्रात त्याची बातमीही आली होती, पण ऑरचा विश्वास बातमीपेक्षा वकिलावर होता. ईगलसनला तो थोरल्या भावासारखा मानायचा. शिकागोचे मालक बिल वर्ट्झ आणि ईगलसन यांची जवळीक पुढे उघड झाली. एकच माणूस खेळाडूचा एजंट, खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख आणि मालकांचा मित्र असेल तर तो बोलणी नक्की कुणाच्या बाजूने करतो, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. आज ब्रुइन्स संघाची किंमत अब्जावर डॉलर आहे.

त्या वर्षीच्या कॅनडा कप स्पर्धेत तो जवळजवळ एका पायावर खेळला. सात सामन्यांत नऊ गुण, कॅनडा विजेता आणि ऑर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. ही स्पर्धा उभी करण्यात पुढाकार ईगलसनचाच होता. शिकागोसाठी मात्र तो सगळे मिळून २६ सामने खेळला. खेळत नसताना पगाराचे चेक त्याने वटवले नाहीत. नोव्हेंबर १९७८ मध्ये, तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण ६५७ सामने, २७० गोल, ६४५ असिस्ट, ९१५ गुण. हॉल ऑफ फेमने नेहमीची प्रतीक्षा माफ करून १९७९ मध्ये त्याला सामावून घेतलं.

हिशेब

सगळी कमाई ईगलसनच्या हाती सोपवलेली होती. निवृत्तीनंतर स्वतंत्र हिशेब तपासून घेतल्यावर ऑरला कळलं की मालमत्तेपेक्षा देणी जास्त आहेत. त्याने ईगलसनशी संबंध तोडले आणि जाहिराती, भाषणं, कंपन्यांचे कार्यक्रम करत पुन्हा शून्यातून उभा राहिला.

ईगलसनचं आसन मात्र आणखी दशकभर टिकलं. बडं प्रस्थ होतं ते. ऑरसारख्याच एका माजी बचावपटूने, कार्ल ब्रूअरने, निवृत्तांच्या पेन्शनचे पैसे कुठे गेले हे खोदून काढायला सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या वर्तमानपत्राचा क्रीडा पत्रकार रस कॉनवे याने १९९१ पासून कागदपत्रांसह लेखमाला छापली. कॅनडातली मोठी वर्तमानपत्रं असताना हे काम अमेरिकेतल्या स्थानिक पत्राने केलं, हे विशेष. जानेवारी १९९८ मध्ये ईगलसनने बोस्टन आणि टोरोन्टो या दोन्ही ठिकाणी गुन्हे कबूल केले. दहा लाख कॅनडियन डॉलर दंड आणि अठरा महिन्यांची कैद झाली, त्यातले सहा महिने त्याने तुरुंगात काढले. नंतरच्या कॅनडा कप स्पर्धांमधल्या जाहिरातींच्या पैशांचा अपहार हा त्यातला एक भाग होता. ऑर कोर्टात बसून हे ऐकत होता.

गंमत म्हणजे ईगलसनही हॉल ऑफ फेममध्ये होता. तो राहणार असेल तर आमची नावं काढा, असा इशारा ऑरसह अनेक दिग्गजांनी दिला. शेवटी १९९८ मध्ये ईगलसनला राजीनामा द्यावा लागला.

ऑर स्वतः १९९० च्या दशकात खेळाडूंचा एजंट झाला. आजच्या पिढीतला सर्वात चमकदार आक्रमक कॉनर मॅकडेव्हिड हा त्याच्याच संस्थेचा खेळाडू होता. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ऑलिम्पिक ध्वज वाहून आणणाऱ्या आठ जणांत ऑर होता.

मोसमात ४६ गोलांचा त्याचा विक्रम पॉल कॉफीने १९८५-८६ मध्ये ४८ गोल करून मागे टाकला. १३९ गुण हा बचावपटूचा विक्रम आणि अधिक १२४ हा सगळ्याच खेळाडूंमधला विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. आर्ट रॉस जिंकणारा दुसरा बचावपटू अजून झालेला नाही.