प्रश्नचिन्हं झालेले लेख

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या ग्रंथपालांचा सकाळी सकाळी फोन आला. ‘अहो, साइटला व्हायरस लागलाय वाटतं.’ उघडून बघितलं तर व्याख्यानमालेचे सगळे जुने वृत्तांत गायब, आणि त्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, पुढे नाण्यासारखं एक चिन्ह, मधूनच जपानी येन. ओळीच्या ओळी तशाच. व्हायरस वगैरे काही नव्हता. सर्व्हरवाल्यांनी मशीन बदललं होतं, आणि साइट बांधणाऱ्या मुलाने वर्डप्रेसची नवी सेटिंग फाइल टाकली होती. बस, एवढंच.

हे का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. मंडळी, यात तंत्रज्ञान कमी आणि माणसं जास्त आहेत, म्हणून लिहितोय.

२००१ साली कॉर्सिका बेटावरच्या मिशेल वाल्द्रिगी नावाच्या तरुणाने पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून ब्लॉग लिहायचं एक सॉफ्टवेअर केलं. नाव बी-टू. फुकट आणि सोपं, स्वस्तातल्या सर्व्हरवरही चालायचं. पण वर्षभरात मिशेलचा पत्ता लागेना. बग तसेच पडून राहिले. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या १९ वर्षांच्या मॅट मुलनवेगने आपल्या ब्लॉगवर लिहिलं, की मी वापरतो ते सॉफ्टवेअर बेवारस झालंय, पण ते जीपीएल परवान्याखाली असल्यामुळे पुढे न्यायला कोणाला विचारावं लागणार नाही. त्याखाली इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या माइक लिटलने कळवलं की खरंच करणार असशील तर मी हातभार लावतो. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. त्याच बी-टूला आणखीही फांद्या फुटल्या होत्या. आयर्लंडच्या डॉनका ओ क्वीवची फांदी पुढे वर्डप्रेसलाच येऊन मिळाली. मिशेल स्वतः परत आला आणि आपला अधिकृत वारस म्हणून त्याने वर्डप्रेसकडे बोट दाखवलं. भांडणाशिवाय झालेली वाटणी आपल्याकडे फारशी बघायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता खरी अडचण. वर्डप्रेस उभं आहे पीएचपीवर, आणि पीएचपी बनवणारे लोक वेगळे. त्यांनी खालून फरशी बदलली की वरचं सामान हलणारच. पीएचपी ५ जुलै २००४ मध्ये आलं, पण सर्व्हर कंपन्या जुनं ४ सोडेनात. त्यांचं म्हणणं, सॉफ्टवेअर जुन्यावर चालतं तर बदलायचं कशाला? आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं, कंपन्या बदलत नाहीत तर आम्ही नवं लिहायचं कसं? २००७ मध्ये ड्रुपल, पीएचपीमायअ‍ॅडमिन अशा अनेक प्रकल्पांनी एकत्र येऊन जाहीर केलं, की ५ फेब्रुवारी २००८ नंतरच्या आमच्या नव्या आवृत्त्यांना पीएचपी ५.२ लागेलच. वर्डप्रेस त्यात गेलं नाही. त्यांनी पीएचपी ४ चा हात सोडला थेट जुलै २०११ मध्ये, ३.२ आवृत्तीत. तेव्हा किमान अट ठेवली ५.२.४ ची, आणि गंमत म्हणजे पीएचपी ५.२ ची देखभाल त्याच्या आधीच, जानेवारीत संपली होती! ती अट मग मे २०१९ पर्यंत तशीच राहिली.

प्रोग्रामर लोक यावर भयंकर चिडायचे. मीही चिडायचो. जुनं पीएचपी म्हणजे सुरक्षेची भोकं, आणि आळशी कंपन्यांचे लाड. ते खोटं नाही. पण त्या ग्रंथपालांच्या जागी उभं राहून बघा. पीएचपी म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही आणि असायचं कारणही नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी थांबणं भाग होतं, आणि एकंदरीत वर्डप्रेसचं बरोबर होतं असं आज मला वाटतं. थांबायची किंमतही त्यांनी मोजली. पीएचपी पूर्वी बाहेरून आलेल्या मजकुरातल्या अवतरणचिन्हांमागे आपोआप तिरकी रेघ घालायचं. ही खोड २०१२ मध्ये पीएचपीने काढून टाकली. पण असंख्य प्लगिन ती रेघ येणारच असं धरून लिहिलेले, म्हणून वर्डप्रेस आजही त्या रेघा स्वतःच्या हाताने घालतं.

कधी कधी हे काम फार छान जमलं. मायएसक्यूएलशी बोलायचा पीएचपीचा जुना मार्ग डिसेंबर २०१५ मध्ये, पीएचपी ७ आलं तेव्हा बंद झाला. वर्डप्रेसने एप्रिल २०१४ मध्येच सोय करून ठेवली होती: पीएचपी नवं असेल तर नवा मार्ग, नाहीतर जुना. हजारो साइटमालकांना काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही. ज्यांनी वर्डप्रेसला वगळून थेट जुना मार्ग वापरला होता, ते प्लगिन मात्र मेले.

आता आपल्या मराठीचं. सुरुवातीची वर्षं वर्डप्रेस डेटाबेसला सांगायचंच नाही की मजकूर कुठल्या लिपीत आहे. मायएसक्यूएल मुकाट्याने लॅटिन-१ धरून चालायचं. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं. डेटाबेस ते तीन लॅटिन अक्षरं समजून ठेवायचा आणि तसंच परत द्यायचा. चुकीच्या डब्यात ठेवलेलं पीठ, पण पीठ शाबूत. मे २००७ मध्ये २.२ आवृत्ती आली आणि सेटिंग फाइलमध्ये लिपी सांगणाऱ्या दोन ओळी आल्या. सुधारणा योग्यच होती. पण जुन्या डेटाबेसवर नवी फाइल ठेवली की मायएसक्यूएल त्या ‘लॅटिन’ अक्षरांचं प्रामाणिकपणे रूपांतर करतं, आणि मग तो तिरकी रेघवाला ‘ए’ दिसतो.

हे परत आणता येतं. त्या दोन ओळी काढल्या की तात्पुरतं भागतं. कायमचं करायचं तर मजकुराचा रकाना आधी नुसत्या बाइटचा करायचा आणि मग यूटीएफ-८ चा. थेट बदलला तर कचराच पक्का होतो. आम्ही तसंच केलं आणि जुने वृत्तांत जसेच्या तसे परत आले.

पण मधल्या आठवड्यात ग्रंथपालांनी मोठ्या हौसेने नवे लेख चढवले होते. नवी देवनागरी लॅटिन रकान्यात मावत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं. प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत येत नाही, कोणी कितीही हुशार असो. चार लेख होते. तीन त्यांच्या वहीतून पुन्हा टाइप केले, चौथ्याची वही सापडली नाही.

तुमच्या संस्थेची किंवा साप्ताहिकाची साइट २००७ च्या आधीची असेल, तर सर्व्हर बदलायच्या आधी डेटाबेसची पूर्ण प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवा. बदलल्यावर मराठी नीट दिसेपर्यंत एक ओळही नवीन लिहू नका.