विद्येचें सदावर्त

विद्या दिल्यानें वाढते असें म्हणतात. परंतु ती प्रथम कोणास द्यावी, हा प्रश्न उरतोच. पदार्थविज्ञानांत तो १९९१ पर्यंत बव्हंशीं टपालखर्चावर अवलंबून असे. नियतकालिकांत निबंध छापून येण्यास कित्येक महिने लागत. म्हणून लेखक त्याच्या प्रती आधींच स्नेह्यांस व नामांकित विद्यापीठांस धाडीत. यादींत ज्याचें नांव, त्यास ताजें ज्ञान, इतरांस शिळें. दूरदेशींचा होतकरू संशोधक कितीहि बुद्धिमान असो, शर्यत सुरू झाल्याचें त्यास उशिरां कळे.

१९९१ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंतील लॉस अ‍ॅलॅमॉस प्रयोगशाळेंत पॉल गिन्स्पार्ग ह्या शास्त्रज्ञानें ही रीत मोडली. लेखकानें निबंध संगणकावरील भांडारांत ठेवावा आणि वाटेल त्यानें तो विनामूल्य मागवावा, एवढीच योजना. वर्षाकाठीं शंभरएक निबंधांची अपेक्षा होती. २०२१ अखेर एकूण संख्या २० लाखांवर गेली! २००१ सालीं हें ‘आर्काइव्ह’ कॉर्नेल विद्यापीठांत गेलें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत असतांना अशोक सेन ह्यांनीं तंतुसिद्धांतावरील आपला गाजलेला निबंध फेब्रुवारी १९९४ मध्यें येथेंच ठेवला. तो वाचण्यास प्रिन्स्टनच्या पंडितांस मुंबईच्या टपालाची वाट पाहावी लागली नाहीं.

येथील निबंध परीक्षकांनीं तपासलेले नसतात, हा आक्षेप खराच. पण ग्रिगोरी पेरेलमान ह्या रशियन गणितज्ञानें सुमारें शतकभर अडलेल्या पॉयंकारेच्या कोड्याची उकल २००२–०३ मध्यें केवळ येथेंच ठेवली. नियतकालिकाकडे धाडलीच नाहीं. ती तपासण्यांत जाणकारांचीं तीन-चार वर्षें गेलीं, आणि ती बिनचूक ठरली.